साडेपाच साड्यांची खोली

खोलीत पाऊल टाकलं की मला आकडा दिसतो. फुशारकी मारत नाही, खरंच दिसतो. परवा मुलुंडच्या साईटवर रंगाचा कॉन्ट्रॅक्टर मला एका फ्लॅटमध्ये घेऊन गेला. तो खिशातून लेझरचं यंत्र काढेपर्यंत मी सांगून मोकळी झाले होते, "आतल्या खोलीला सात लिटर, दोन हातांना. तुम्ही दहा लिहिलेत ते खोडा." तो म्हणाला, "मॅडम, भिंत रंग पिते ना." म्हटलं, "पिते ते मला माहीत आहे. किती पिते तेही माहीत आहे. बाकीचे तीन लिटर कोण पितं ते तुम्ही सांगा." त्यानं यंत्र लावलं, हिशोब केला आणि गुपचूप सात लिहिले.

मी क्वांटिटीवाली. बिल्डिंगला काय किती लागेल ते मोजून सांगायचं, हे माझं काम. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कितीतरी साईट झाल्या, आणि माझा आकडा चुकला असं अजून कुणी तोंडावर म्हटलेलं नाही. म्हणून तरी बघावं! हे मी कॉलेजात शिकले असं सगळ्यांना वाटतं. डिप्लोमाला हा विषयच असतो, आणि त्यात वर्गात मला सगळ्यात जास्त मार्क होते, हे मी सांगितल्याशिवाय राहत नाही. पण रंगाचा अंदाज मला आईनं शिकवला. आणि शिकले ते आधी तिची पार वाट लावून.

तेव्हा आम्ही घाटकोपरला बैठ्या चाळीत राहायचो. एका ओळीत आठ खोल्या, दोन खोल्यांत एक सामायिक भिंत, वर सिमेंटचे पत्रे. समोर गल्ली, तीही अशी की समोरून कुणी कळशी घेऊन आलं तर आपण अंग चोरायचं. आमची आठवी, म्हणजे शेवटची खोली. तिच्यापुढे थोडी मोकळी जागा, तिथं आमचा निळा झेंडा. सगळी घरं बौद्ध, कुणी जालन्याकडचं, कुणी बुलढाण्याकडचं, आम्ही वाशीमचे. दिवाळीला आमच्या गल्लीत कुणी ब्रश हातात धरत नसे. घराला रंग काढायचा तो एप्रिलमध्ये, जयंतीच्या आधी, आणि तोही सगळ्यांनी एकाच रविवारी.

रंगारी बोलवायचा प्रश्नच नव्हता. पुरुष स्टुलावर चढून पत्र्याखालचा भाग करायचे, खालचं सगळं बायका. रंग म्हणजे साधं डिस्टेंपर, किलोवर मिळणारं. प्रत्येक घराचा रंग वेगळा, कारण शेजारणीसारखा रंग घ्यायचा म्हणजे अपमान. कुणाला गुलाबी, कुणाला पिस्ता, कुणाला आकाशी. पण किती किलो आणायचा, हे प्रत्येक घराला माझी आई सांगायची.

आई साड्यांना फॉल-बिडिंग करायची. दिवसभर मांडीवर कुणाची तरी साडी. त्यामुळे तिच्या लेखी जगात लांबी मोजायचं माप एकच, साडी. गल्ली साडेचार साड्यांची. नळापासून संडासापर्यंत दोन साड्या. मार्चच्या शेवटी एका दुपारी ती एक जुनी सुती साडी काढायची, दोघी बायका दोन टोकं धरायच्या आणि भिंतीला साडी आडवी लावत लावत खोलीभर फिरायच्या. खाली एक फेरी, वर एक फेरी, आणि पत्र्याला लागून उरायची ती अर्ध्या पन्ह्याची. दार-खिडकीचं वजा करून आई म्हणायची, "साडेपाच साड्या. साडीला दीड किलो. म्हणजे आठ आण."

खरं तर आठही खोल्या एकाच मापाच्या, दहा बाय बाराच्या. एक मोजली की काम झालं. पण तसं चालायचं नाही. "माझी कुठं मोजलीस?" म्हणून रुसवा व्हायचा. म्हणून दरवर्षी सातही घरांत मोजणी व्हायची, सातही घरांत चहा व्हायचा आणि सातही घरांत आकडा आठच यायचा. आमची खोली मात्र कधी मोजली जात नसे.

कारण आमच्याकडे रंग विकत आणतच नव्हतो. वडील वॉचमन होते, माझी फी होती, आणि रंगाला कधी काही उरायचं नाही, एवढंच त्याचं कारण. पण आमची खोली दरवर्षी रंगायची. रविवारी संध्याकाळी प्रत्येक घरात तळाला थोडा रंग उरलेला असायचा. तो ठेवणार कुठं? दहा बाय बाराच्या खोलीत माणसांना जागा नाही, तिथं अर्धा डबा कोण सांभाळणार? उन्हाळ्यात तो वाळून दगड होतो. म्हणून सगळ्याजणी उरलेला रंग आमच्या बादलीत आणून ओतायच्या. आई जुन्या लाटण्यानं तो ढवळायची, आणि जो काही रंग होईल तो आमचा.

काय काय रंग बघितलेत मी! एका वर्षी मातकट जांभळा. एका वर्षी तीन घरांनी हिरव्याच्याच तीन छटा घेतल्या, तेव्हा आमची खोली शेवाळी झाली आणि मी महिनाभर मैत्रिणींना घरी आणलं नाही. एका वर्षी असा रंग आला की वडील दारातच थांबले आणि म्हणाले, "ह्याला काय म्हणायचं?" आई म्हणाली, "स्वच्छ म्हणायचं." दरवर्षी दुसरा हात मारून झाला की ती मागे सरकून भिंतीकडे बघायची आणि म्हणायची, "यंदा बरा आलाय."

तिला रंग हवाच असायचा, कारण जयंतीच्या सकाळची वंदना आमच्या खोलीत व्हायची. आमची खोली झेंड्याला लागून, म्हणून. गल्लीतल्या सगळ्या बायका पांढऱ्या साड्या नेसून आमच्याकडे जमायच्या, भिंतीला टेकून ओळीनं बसायच्या, मेणबत्त्या लागायच्या, त्रिसरण पंचशील व्हायचं, मग खीर. वर्षातला तो एक तास आई घराची मालकीण दिसायची. एरवी ती सगळ्यांच्या साड्यांवर वाकलेली. आणि हलकं डिस्टेंपर वर्षभरात भुकटी सोडतं, टेकलं की पाठीवर उमटतं. पांढऱ्या साडीची पाठ रंगलेली घेऊन एखादी बाई आपल्या घरातून बाहेर पडली, तर आईला ते मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. हे तिनं मला शंभरदा सांगितलं होतं.

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला मला तो एस्टिमेटिंगचा विषय आला आणि मी हवेत गेले. भिंतीचं क्षेत्रफळ, दार-खिडकीची वजावट, एका किलोत किती फूट, सगळं तोंडपाठ. घरात दिसेल ते मोजायची. आमच्या टाकीत किती लिटर पाणी मावतं ते मी वडिलांना सांगितलं, न विचारता. तेव्हा मी एकोणीस वर्षांची, आणि माझ्याइतकं शहाणं घाटकोपरमध्ये दुसरं कुणी नाही अशी माझी खात्री होती.

त्या मार्चमध्ये मोजणीला बायका चौथ्या खोलीत जमल्या. चौथ्या खोलीतली काकू म्हणजे तोंडानं फटकळ, मनानं बरी. आईनं साडी उलगडली. मी कॉलेजची टेप घेऊन मध्ये घुसले.

"साडीनं काय मोजताय? हे धरा."

बायका हसल्या. काकू म्हणाली, "ये बाई, इंजिनीयर आली!" मला तेवढंच पाहिजे होतं. मी टेप लावली, मोबाईलवर गुणाकार केला आणि मोठ्यानं सांगितलं, "चारी भिंती चव्वेचाळीस फूट, उंची नऊ, दार-खिडकी वजा. तीनशे अडुसष्ट. सात किलो."

"आठ," आई म्हणाली.

"सात, आई."

"आठ घ्या. भिंत ओढते रंग."

"ओढते ते धरूनच सात. नुसत्या सिमेंटला जास्त लागतं, ह्या भिंतीवर इतक्या वर्षांचे थर आहेत. पुस्तकात आहे सगळं. तू साडीला दीड किलो धरतेस, सव्वा पुरतो."

आई माझ्याकडे बघत राहिली. आज कळतं, ती नजर माझी परवानगी मागत होती आणि तेव्हा मला ती वाचता आली नाही. मला वाटलं, हिला हरणं सहन होत नाहीये. मी आणखी जोरात समजावलं. सातही खोल्या सारख्याच, सातही घरांना सातच किलो, उगाच एकेक किलो जास्त कशाला, असं सगळं. बायका माझ्या बाजूनं झाल्या. शिकलेली पोर आहे, खरंच असणार. पहिल्या खोलीतली आक्का तेवढी काही बोलली नाही. ती गल्लीतली सगळ्यात थोरली, नवरा गोदीत जहाजांना रंग मारायचा, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. ती तंबाखू मळत बसली होती. आईनं साडीची घडी घातली आणि ती घरी गेली.

रविवार आला. सकाळपासून गल्लीभर रंगाचा वास, पोरांची ओरड, एकमेकींची टिंगल. मी सातही घरांत फिरत होते, हात पाठीमागे बांधून, साहेबासारखी. "दाबून मारू नका. ब्रश कमी बुडवा." पहिला हात झाला. दुसरा हात झाला. आणि माझा हिशोब असा बरोबर आला की काय सांगू! पहिल्या घरात डब्याच्या तळाला ब्रश फिरवून शेवटचा कोपरा झाला. तिसऱ्या घरात तेच. पाचव्यात दाराच्या मागची वीतभर भिंत राहतेय की काय असं वाटलं, तीही झाली. सात घरं, एकोणपन्नास किलो, थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. "झकास!" काकूनं माझी पाठ थोपटली. माझ्या आयुष्यातला पहिला एस्टिमेट तो, आणि तो इंचावर बरोबर आला. मी गल्लीच्या मधोमध उभी, दोन्ही हात कमरेवर.

मग मी आमच्या दाराकडे पाहिलं.

आईनं नेहमीसारखी बादली बाहेर ठेवली होती. शेजारी लाटणं. खोलीतलं सामान मधे ओढून त्यावर चादर टाकलेली. मी सातचा आकडा सांगितलेला ऐकूनही तिनं बादली ठेवलीच होती, कारण दरवर्षी ठेवायची. कुणी काही आणून ओतलं नाही. ओतायला काही नव्हतंच.

सात घरं, एकेक किलो. आणि आमच्या खोलीला लागतात सात. एवढा सोपा गुणाकार, आणि तो वर्गात पहिल्या आलेल्या मुलीला रिकामी बादली बघून जमला.

तेवढ्यात काकू हसत हसत म्हणाली, आणि अगदी शपथेवर सांगते, तिच्या मनात काही वाईट नव्हतं, "अगं, पण सातात भागतं, तर मग इतकी वर्षं आठवा किलो जायचा कुठं?"

सगळ्यांनी आमच्या बादलीकडे पाहिलं. बघू नये असं वाटूनही बघितलं.

मी पटकन तोंड उघडलं. "वेस्टेज! वेस्टेज धरतात काकू, सांडतं, ब्रशला लागतं, दहा-पंधरा टक्के धरायचंच असतं, मी विसरले…"

"खोटं बोलू नकोस," आई म्हणाली. ती उंबऱ्यात उभी होती. आवाज चढवला नाही तिनं. "माझ्या खोलीला जायचा. मी एकेक किलो जास्त सांगत होते. दरवर्षी."

आणि तिनं बादली उचलून आत घेतली.

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं, मी एकेकीला बघून घेतलं असतं. पण बायका आपापल्या घरात गेल्या. सोमवारी साड्या आल्या नाहीत. मंगळवारीही नाही. आईच्या हातात जुन्या उरलेल्या दोन साड्या होत्या, त्याच ती उसवून पुन्हा शिवत होती की काय कोण जाणे. नळावर ती गेली की बोलणं थांबायचं आणि ती परत फिरली की पुन्हा सुरू व्हायचं. हे मला वडिलांनी सांगितलं.

बुधवारी काकू दारात आली. आत आली नाही. म्हणाली, "सगळ्या म्हणतात यंदा वंदना आमच्याकडं ठेवू. नवीन रंग आहे ना." आई म्हणाली, "ठेवा."

काकू गेली आणि आई उठली. तिनं धुण्याचा सोडा पाण्यात कालवला आणि फडकं घेऊन भिंत पुसायला लागली. गेल्या वर्षीचा रंग फडक्यावर, तिच्या तळव्यावर, कोपरापर्यंत. जिथं पुसलं तिथं आणखी वाईट दिसायला लागलं, खालचा शेवाळी, त्याखालचा जांभळा. तरी ती पुसत होती.

माझा संताप उफाळला. स्वतःवरचाच, पण काढला तिच्यावर. "मला आधी का नाही सांगितलंस? मी तोंड बंद ठेवलं असतं!"

"काय सांगायला पाहिजे होतं? आई चोरी करते, तू गप्प बस?"

"चोरी कसली? एक किलो डिस्टेंपर! त्यांच्या किती ब्लाउजना तू हुक लावून दिलेस, किती पोरांचे गणवेश शिवून दिलेस, त्याचं काय?"

"ते मोजू नकोस," आई फडकं पिळत म्हणाली. "ते मी दिलेलं आहे. हे घेतलेलं आहे. तू इंजिनीयर ना? दोन्हीची बेरीज होत नाही."

मी रडले. खूप रडले. आयुष्यात इतकं बरोबर उत्तर मी पहिल्यांदाच काढलं होतं आणि त्यानं माझ्या आईला तिच्याच गल्लीत परकं केलं. जयंती चार दिवसांवर आली होती. आईच्या घरात कुणी टेकणार नाही, हे आता जवळजवळ ठरल्यात जमा होतं.

गुरुवारी दुपारी आक्का आली. गल्ली सुस्त पडलेली, पत्रे तापलेले. आक्का कधी कुणाकडे जायची नाही, सगळे तिच्याकडे जायचे. ती सरळ आत आली, गुडघ्यावर हात टेकून खाली बसली आणि अर्धवट पुसलेल्या भिंती बघून म्हणाली, "काय अवतार केलास गं हा!"

आईनं तिला पाणी दिलं आणि फॉल लावायची साडी पुन्हा मांडीवर घेतली. मी कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसले होते, पान एकही उलटत नव्हते.

"मला पहिल्याच वर्षी कळलं होतं," आक्का म्हणाली. "जहाजाला रंग मारणाऱ्याची बायको आहे मी. दहा बाय बाराला आठ किलो! माझ्या नवऱ्यानं ऐकलं असतं तर हसून हसून पडला असता."

आई खालीच बघत होती. "मग बोलली का नाहीस?"

"मला काय करायचंय? एका किलोनं माझा महाल बांधून होणार होता का? आणि बाकीच्यांना आत्ता कळलं, त्याही दोन दिवसांत विसरतील. राग त्याचा नाही मला."

"मग कशाचा?"

"मागितलं का नाहीस?" आक्काचा आवाज एकदम चढला. चांगलीच चिडली होती ती. "इतकी वर्षं एका ओळीत राहतो. मी नाही म्हणाले असते? ह्या सातजणींतली एक तरी नाही म्हणाली असती?"

आईनं मान वर केली. "नसती म्हणाली. म्हणूनच नाही मागितलं."

आक्का हळू म्हणाली, "म्हणजे घेतलेलं चाललं. दिलेलं नसतं चाललं."

"घेतलं की माझ्या हिकमतीचं वाटायचं," आई म्हणाली. ती बोलताना भिंतीकडे बघत होती. "तू दिलं असतंस तर वर्षभर ह्या भिंतीकडं बघून तू आठवली असतीस. काकू आठवली असती. माझ्या घरात मला माझी एक तरी भिंत पाहिजे होती."

इतकी वर्षं मी ह्या बाईबरोबर एका खोलीत झोपत होते, आणि हे मला माहीत नव्हतं. मी पुस्तक खाली ठेवलं.

आक्कानं तोंडातली तंबाखू बाहेर जाऊन थुंकली, परत आली, पुन्हा बसली. "बरी खोड आहे. पण आता झाकायला काही राहिलं नाही. सगळ्या गल्लीला माहीत आहे. मग आता माग."

"कुणाकडं थेंब तरी उरलाय का?" आई म्हणाली. "ह्या शहाणीनं सोडलाय कुठं?"

दोघींनी माझ्याकडे पाहिलं आणि आक्काला हसू आलं. पोट धरून हसली. आईच्याही तोंडावर काहीतरी हललं. मीही हसायला गेले, पण आक्का थांबली होती. ती म्हणाली, "नसू दे. तरी माग."

आईच्या हातात सुई होती. ती तिनं फॉलमध्ये नीट खोचून ठेवली. मांडीवरची साडी बाजूला केली. तिला वेळ लागला. मला वाटलं, हिच्याकडून होणार नाही, आपणच मध्ये काहीतरी बोलावं. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी तोंड बंद ठेवलं.

"मला रंग पाहिजे," आई म्हणाली. घसा खाकरला आणि पुन्हा म्हणाली, "खोलीला मला रंग पाहिजे, आक्का. सगळ्याजणी मिळून आणून द्या."

"आणू," आक्का म्हणाली. "आणि वंदना हितंच. चौथ्या खोलीवालीला मी सांगते. शनिवारी चार हात लागले की दुपारपर्यंत होतंय." मग माझ्याकडे वळून, "काय गं इंजिनीयर, किती आणायचा?"

आकडा माझ्या जिभेवर होता. मी म्हटलं, "आईला विचारा."

"सात," आई म्हणाली. "पोरीचा हिशोब बरोबर आहे."

आक्का भिंतीला हात लावून उठली. तळव्याला भुकटी लागली ती तिनं पदराला पुसली. दाराशी जाऊन चप्पल घालता घालता तिनं विचारलं, "आणि रंग कुठला आण…"

"पिवळा," आईनं तिला वाक्य पुरं करू दिलं नाही. "हळदीसारखा नको. लिंबासारखा पण नको. मक्याचं कोवळं कणीस सोलल्यावर असतो ना, तसला. खिडकीच्या भिंतीला जरा हलका, म्हणजे ऊन आलं की खोली मोठी वाटते. आणि दाराच्या आतल्या बाजूला पांढरी पट्टी, चार बोटांची."

आक्का चप्पल अर्धी घालून तशीच उभी राहिली. आई एका दमात बोलली होती, एकदाही न अडखळता. म्हणजे शेवाळी भिंतीपाशी बसून, जांभळ्या भिंतीपाशी बसून, कुणाकुणाच्या साड्यांना फॉल लावत ती ही खोली मनातल्या मनात रंगवत होती, पट्टीसकट, आणि वर "यंदा बरा आलाय" म्हणत होती. आणि मी, जिनं ह्या घरातली टाकीसुद्धा मोजली होती, तिला कधी विचारलं नव्हतं, आई, तुला कुठला रंग आवडतो.